व्हिडिओ बघा, पण गोळी बंद करू नका

साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात काम करणारे गृहस्थ परवा आले. बीपी १९०/११०. दोन महिन्यांपासून गोळी बंद! कारण? मोबाईलवर व्हिडिओ आला होता : उपाशीपोटी लसूण खा, बीपी मुळापासून जाईल.

तुमच्याही फोनवर तो आलाच असेल. लसूण भाजीत जरूर खा हो. पण गोळी सोडायला सांगणाऱ्याला तुमचा आकडा माहीत नाही, किडनी माहीत नाही, आणि उद्या लकवा मारला तर तो काही ॲम्ब्युलन्समध्ये सोबत बसणार नाही.

"पण मला काही त्रासच होत नाही!" बीपीचा बहुतेकदा त्रास होतच नाही, तीच तर गोची आहे. २०२१ साली मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे बारा जणांत साधारण चौघे.

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून "नेक्स्ट" म्हटलं, की पेशंट उरलेले प्रश्न फोनलाच विचारणार. त्या गृहस्थांनी जाताना विचारलं, "डॉक्टर, तुमचा एखादा व्हिडिओ आहे का? पोरांना दाखवतो." माझ्याकडे नव्हता.

व्हिडिओ हवेतच, मराठीत, हिंदीत, उर्दूत, भोजपुरीत. पण "निरोगी जीवनशैली अंगीकारा" असले नकोत. बारा तास मशीनवर उभ्या माणसाला मॉर्निंग वॉक कसला सांगता? त्याला सांगा, दिवसाचं मीठ एक छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, फरसाण, वडापावसोबतची खारी मिरची सगळं धरून. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात छातीच्या पातळीला ठेवा, बोलू नका. आकडा वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांना गाठा. आणि गोळी चालू असताना आकडा नॉर्मल आला, तर तो गोळीमुळे आलाय. आपल्या मनाने ती थांबवू नका. गावाला जाताना पुरेशा गोळ्या बरोबर घ्या.

महापालिकेच्या दवाखान्यात बीपी मोजून मिळतं, गोळ्याही मिळतात. काही 'आपला दवाखाना' संध्याकाळीही उघडे असतात. ड्युटी सुटल्यावर जाता येईल.