आधी वह्या टेबलावर ठेवा

दिल्लीत पहाडगंजच्या मेन बाजारातल्या एका हॉटेलात पगारवाढीच्या बोलणीला मी कामगारांच्या बाजूने बसलो होतो. मागणीपत्र वाचून व्हायच्या आत मालकाने हात वर केले. "काम मंदा है, कमरे खाली पड़े हैं." किती रिकाम्या? गेल्या वर्षी या महिन्यात किती होत्या? "वो हमारा अंदर का मामला है."

माझ्या शेजारी खोल्या आवरणारा पोरगा होता. त्याने खिशातून डायरी काढली. धोब्याकडे गेलेल्या चादरींचा रोजचा आकडा, पेन्सिलने लिहिलेला. रिकाम्या खोलीतली चादर धुवायला कोण टाकतं? मालकाने डायरीला हातही लावला नाही. "ये कोई हिसाब नहीं है." मग खरा हिशेब दाखव ना बाबा! तोही नाही.

ही कसली वाटाघाट? ही आंधळी कोशिंबीर आहे, आणि डोळ्यांवर पट्टी कायम कामगाराच्याच. पाहुण्यांचं रजिस्टर पोलीस हवं तेव्हा बघतात. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे जाते. कर्ज हवं असलं की हाच मालकवर्ग बँकेच्या मॅनेजरपुढे सगळ्या वह्या उलगडून बसतो, आणि तिथे धंदा जोरात असतो. गुपित उरतं ते फक्त चादरी बदलणाऱ्यापासून!

कायदा काय म्हणतो? मान्यताप्राप्त युनियनशी सद्भावनेने सामुदायिक सौदा करायला नकार देणं ही अनुचित कामगार प्रथा. महाराष्ट्राच्या 1971च्या कायद्यात हे आहे, केंद्राच्या कायद्यातही आहे. पण सद्भावना म्हणजे कोणता कागद दाखवायचा, याबद्दल अवाक्षर नाही. मालक चहा पाजतो, मान डोलावतो. झाली सद्भावना.

कागद मागितला की काय होतं, ते बँक कर्मचाऱ्यांना विचारा. मार्च 1960 मध्ये त्यांचा पगाराचा तंटा मुंबईत न्यायमूर्ती के. टी. देसाईंच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला. संघटनेने म्हटलं, पगार परवडत नाही म्हणता, तर ताळेबंदात न दिसणारी गुप्त गंगाजळी दाखवा. ऑगस्टमध्ये संसदेने बँकिंग कायद्यात कलम 34-अ घुसडलं. गुप्त गंगाजळी आणि बुडीत कर्जांची तरतूद दाखवायची सक्ती बँकेवर करता येणार नाही. त्यातली किती रक्कम हिशेबात धरायची ते रिझर्व्ह बँक सांगेल, आणि तिचा शब्द अखेरचा. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, 1961 मध्ये हरली. तंटा चालू असताना एका पक्षाच्या तिजोरीला संसदेनेच कुलूप घातलं. याचा मला आजही संताप येतो.

याच्या उलट, अमेरिकेतल्या ट्रुइट कंपनीच्या कामगारांनी तासाला 10 सेंट वाढ मागितली. कंपनी म्हणाली, अडीचच्या वर दिले तर दिवाळं निघेल. युनियनने पुरावा मागितला, कंपनीने नाकारला. 1956 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, परवडत नाही म्हणायचं असेल तर ते दाखवायची तयारीही हवी. धंद्याची गुपितं फुटतील ही ओरडही शिळी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981च्या शिफारशीने उपाय सांगून ठेवलाय: नुकसान करू शकणारी माहिती गोपनीय ठेवायची हमी घ्या, आणि द्या. आम्ही ती हमी लेखी द्यायला तयार होतो. मालकाने कागद वाचलासुद्धा नाही.

पुढच्या बैठकीसाठी खोल्यांचं वर्षभराचं रजिस्टर आम्ही लेखी मागितलंय. पोरगा चादरी मोजतोच आहे.