बैलगाडीत किती भरायचं?

आमच्या घरी बैलगाडी आहे. शेणखत, कडबा, बाजाराची पोती, सगळं गाडीतूनच जातं. जत्रेला आम्ही सगळी गाडीतच असतो. आजी मध्ये गोधडीवर बसते.

पण कारखान्याला ऊस नेताना गाडी फार भरतात. मोळ्यांवर मोळ्या रचतात आणि वर माणूस बसतो. ओढ्याच्या चढाला बैल गुडघ्यावर येतात, मग शेपटी पिरगाळतात. मला ते बघवत नाही. बेंदराला त्याच बैलांची शिंगं रंगवायची, पोळी चारायची आणि नंतर असं करायचं, हे बरोबर नाही.

गुरुजी म्हणाले, १९६५ सालचा सरकारी नियम आहे. बैलाला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त जुपायचं नाही, सलग ५ तासांच्या वर तर नाहीच. ऊन ३७ अंशांच्या वर गेलं तर दुपारी १२ ते ३ जुपायचं नाही. आमच्या रस्त्याला दुपारीच जास्त गाड्या दिसतात!

आबा म्हणतात, टोळीवाल्यांना टनावर पैसे मिळतात, उचल फेडायची असते, म्हणून ते जास्त भरतात. मग टनाचा दर वाढवावा. आणि चढाला वरच्या माणसानं तरी खाली उतरावं. मी आणि दादा उतरतो, मागून रेटा देतो.