अठरा एकरांचा हिशेब

दर वर्षी ६ डिसेंबरच्या आधी आमच्या चकलांब्याहून मंडळी मुंबईला निघतात. गेवराईपर्यंत एस.टी., पुढे मिळेल ती रात्रीची गाडी आणि पहाटे दादर. भाकरी-चटणी घरचीच बांधलेली. चैत्यभूमीच्या रांगेतून बाहेर पडलो की परतीच्या गाडीपर्यंतची वेळ मोकळी असते. गेल्या खेपेला माझ्या बहिणीचा मुलगा भेटायला आला आणि म्हणाला, "मामा, चला, मी कुठं कामाला जातो ते दाखवतो."

प्रभादेवी स्टेशनच्या, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टन रोडच्या बाजूला काचेचे उंच मनोरे उभे आहेत. सगळी कार्यालयेच कार्यालये. भाचा तिथे एका ठेकेदाराकडून साफसफाईच्या कामावर आहे. फाटकाबाहेर उभा राहून त्याने बोटाने मजला दाखवला. आमच्याबरोबर गावचे एक तात्या होते. सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी ते परळकडे बदली कामगार होते. त्यांनी मान वर करून पाहिले, मग इकडे-तिकडे पाहिले आणि विचारले, "आरं, हितं ज्युपिटर मिल व्हती. चिमणी कुठं गेली?"

भाचा म्हणाला, "कोणती चिमणी, तात्या?"

तीन वर्षे तो त्या जागेवर काम करतो. तिथे गिरणी होती हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

ज्युपिटर ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे सरकारी गिरणी. २००५ साली तिची जमीन २७६ कोटी रुपयांना एका खाजगी कंपनीला विकली गेली आणि तिथे कार्यालयांचे मनोरे चढले. त्या काळात वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. एक बाजू म्हणे, मुंबईला श्वास घ्यायला मोकळी जागा उरलेली नाही, जुन्या गिरण्या हा शहराचा इतिहास आहे, सगळीकडे काच आणि सिमेंट नको. दुसरी बाजू म्हणे, बंद शेड गंजत ठेवून कोणाचे पोट भरणार? जमीन विकली तर कामगारांची थकलेली देणी फिटतील, नव्या नोकऱ्या येतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते आणि त्यांतले कितीतरी पुन्हा फाटकाच्या आत गेलेच नाहीत. तात्या त्यांतलेच. एक पत्र्याची पेटी घेऊन ते गावी परतले आणि पुढे ऊसतोडीला गेले. ज्याची देणी थकली आहेत त्याला चिमणीचे सौंदर्य सांगून काय उपयोग?

आपल्या माणसांनी त्या जुन्या इमारतींसाठी किती रडावे, हाही प्रश्न आहेच. गिरणीचे विणकाम खाते आपल्याला बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत अडकली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाविरुद्ध न्याय मागता, मग ही बंदी उठवण्याची मागणीही मागण्यांच्या यादीत घाला, असा त्यांचा आग्रह होता. ती मागणी घेताना पुढाऱ्यांनी फार आढेवेढे घेतले. तेव्हा ज्या भिंती पडल्या त्या भिंतींवर माझा फार जीव नाही. माझा जीव अडकतो तो भिंतींखालच्या जमिनीत.

मी बी.कॉम. झालेला कारकून आहे. इमारत सुंदर की कुरूप यातले मला कळत नाही. पण कागद वाचता येतो आणि या वादात खरी गोष्ट कागदावरच घडली. वाचकांनी थोडा धीर धरावा. आकडे आहेत, पण सोपे आहेत.

१९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळ मानाने तिचे तीन भाग करायचे. एक भाग महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि एक भाग मालकाला. समजा, गिरणी १८ एकरांची आहे. मग शहराला ६, घरांना ६, मालकाला ६. मालकांना हे परवडेना. शेड पाडली की जमीन वाटावी लागते, म्हणून बरेच जण पाडेनात.

२००१ साली हा नियम बदलला. यापुढे वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, असे ठरले. शेड पाडून जी जमीन रिकामी होईल ती या वाटणीत धरायची नाही. आता तोच हिशेब पुन्हा मांडा. गिरणी १८ एकरांची, त्यांतले १५ एकर शेडखाली आणि ३ एकर मोकळे. वाटणी ३ एकरांचीच. शहराला १, घरांना १ आणि मालकाकडे १६. कोणाच्या जमिनीवर नांगर फिरवला नाही, कोणाला लाठी मारली नाही. 'मोकळी' या एका शब्दाने दहा एकर इकडचे तिकडे गेले.

पर्यावरणवाद्यांच्या एका संस्थेने याविरुद्ध दावा लावला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मोकळी जमीन म्हणजे पाडकामाआधी मोकळी असलेलीच, असा अर्थ कायम झाला. मनोऱ्यांची वाट मोकळी झाली.

कार्यालये आली, माणसे आली. स्टेशनचा पूल मात्र जुनाच, अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. भाचा तेव्हा गावात शाळेत होता. आता रोज तो त्याच स्टेशनात उतरतो.

आणि घरे? घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची व वारसांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली. म्हाडाने २०१२ मध्ये मोठी सोडत काढली ती ६,९२५ घरांची. त्यानंतरही सोडती झाल्या, पण अर्जांच्या ढिगापुढे त्या थोड्याच. मग १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात शेलू आणि वांगणीला घरे देण्याची गोष्ट आली, म्हणजे मुंबईबाहेर. त्यातच एक कलम होते. ही घरे नाकारली तर हक्क जाण्याचा धोका. त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानावर बसले. तात्यांनी अर्जच केलेला नव्हता. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, काहीच राहिले नाही. पेटी गंजली तेव्हा कागदही गेले.

हे सगळे मी आज का सांगतो? कारण आता पाळी आपल्या खोल्यांची आहे. बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. आपल्या किती कुटुंबांची त्यांत चौथी पिढी आहे! शिवडी सोडून बाकी ठिकाणी पुनर्विकास सुरू आहे. खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर आणि शेजारी विक्रीसाठीचे मनोरे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ घरांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या. चांगली गोष्ट आहे. सामायिक संडासापुढे डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना विचारा, त्या जुन्या चाळीसाठी रडणार नाहीत.

माझी मावशी अशाच एका चाळीत राहते. त्या दिवशी परतीच्या गाडीआधी तिच्याकडे चहाला गेलो. सहज विचारले, "मावशी, खोली कोणाच्या नावावर?" म्हणाली, "कोणाच्या म्हणजे? तुझ्या मावसाच्याच की." मावसा जाऊन अकरा वर्षे झाली. भाडेपावती त्यांच्या नावाची, रेशनकार्डावर आडनाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले, आणि मुलगा म्हणतो, "सगळ्यांचं होईल तसं आपलं होईल."

तसे होत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या लोकांनी हे गायरानात पाहिलेले आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. तेव्हा ज्याने तलाठ्याची दंडाची पावती जपून ठेवली होती, ज्याचे नाव गाव नमुना १-ई मध्ये होते, त्याला बोलायला जागा होती. शेजारीच तितकीच वर्षे कसणारा, पण पावती चुलीत गेलेला, त्याला नव्हती. दंडाची पावती हाच हक्काचा पुरावा ठरेल, असे दंड भरताना कोणाला वाटले होते?

मावशीच्या पलंगाखालची पिशवी आम्ही जमिनीवर ओतली. मावसांचा मृत्यूचा दाखला निघाला. जुन्या भाडेपावत्या निघाल्या, सर्वांत जुनी १९६८ ची, मावसांच्या वडिलांच्या नावाची. वीजबिले निघाली. वारसाचा कागद मात्र केलेलाच नव्हता. भाच्याने सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून आणल्या. मुलाला मी बजावले की करारनामा हातात आला की सही करण्याआधी पाहायचे. घराचे क्षेत्रफळ चटईचे की बांधकामाचे, ताबा कधी, तोवर भाडे कोण देणार, मनोऱ्याच्या लिफ्टचा आणि पाण्याचा महिन्याचा खर्च किती आणि तो कोणी भरायचा. कळले नाही तर सही थांबवायची आणि जाणत्या माणसाला दाखवायचे. इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागायची.

तात्या दारात बसून हे सगळे बघत होते. निघताना त्यांनी ती १९६८ ची पावती मागून घेतली, उजेडात धरली आणि जपून परत दिली. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "गावाकडं गेलो की माझी पेटी एकदा बघ. तळाला कागद चिकटलेला आहे, काय आहे मला वाचता येत नाही."

या रविवारी बघणार आहे.