सही करण्याआधी

"इथे सही करा, इथे तारीख घाला." गेली तीन वर्षं मी हे वाक्य कॅलिफोर्नियातल्या घराघरांतल्या जेवणाच्या टेबलांवर म्हणते आहे. मी फिरती नोटरी आहे. घरकर्जाची शे-दीडशे पानं छापून कर्जदाराच्या घरी न्यायची, ओळखपत्र तपासायचं, सह्या घ्यायच्या, नोंदवहीत नोंद करायची आणि कागद परत पाठवायचे, असं हे काम.

नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा माझ्या कागदांवर 'डिपेंडंट' असा शब्द होता. नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड हातात पडलं तोवर चाळिशी उलटली होती. भारतात नोटरी व्हायला वकिलीची काही वर्षं लागतात. इथे सहा तासांचा अभ्यासक्रम, राज्याची परीक्षा, बोटांचे ठसे, १५,००० डॉलरचा बाँड, की चार वर्षांची नेमणूक मिळते. पण "घरबसल्या भरपूर पैसे" म्हणून क्लास विकणाऱ्यांवर विसंबू नका. पहिल्या चार महिन्यांत मला सात कामं मिळाली. पेट्रोल, कागद, प्रिंटर वजा जाता हाती फारसं उरलं नाही.

तरी मी टिकले. मात्र लिहायचं आहे ते सही करणाऱ्या बायकांविषयी.

कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलं, तर बायकोपुढे कधी कधी एक वेगळं पान येतं: घरावरचा माझा हक्क मी नवऱ्याला देत आहे. "हे काय?" ती त्याला विचारते. "फॉर्मॅलिटी आहे गं." मला त्याचा अर्थ सांगायला कायद्याने मनाई आहे, कारण मी वकील नाही. प्रमाणपत्रावरच्या चौकटीत छापलेलंच असतं, की नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवते, मजकुराचा खरेखोटेपणा नाही.

मी एवढंच म्हणते, "सावकाश वाचा. वकिलाला विचारायचं असेल तर जरूर विचारा." एकीने खरोखरच पेन खाली ठेवलं. ज्या कंपनीने मला पाठवलं होतं, तिच्याकडून पुन्हा काम आलं नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

गेल्या वर्षी एका मराठी घरी गेले. आजी सत्तरीच्या, मुखत्यारपत्र मराठीत, गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीचं. मुलगा म्हणाला, "मी समजावतो आईला." इथला दंडक असा, की नोटरीने सही करणाऱ्याशी थेट बोलावं, दुभाष्यामार्फत नाही. मी विचारलं, "मावशी, हा कागद कशाचा आहे?" त्या म्हणाल्या, "भावानं पाठवलाय. वाचून कुणी दाखवला नाही." मी नोंदवही मिटली.

२००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. वडील तेव्हा हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतक्या वर्षांच्या लढ्याने मिळालेलं, "भावाला दुखवू नको" या एका वाक्यावर जातं.

मुखत्यारपत्रासाठी इथे नोंदवहीत अंगठाही घेतात, मग बाई डॉक्टर असो की इंजिनिअर. आपल्या आज्यांना 'अंगठाछाप' म्हणून हिणवलं गेलं. न वाचता सही करणाऱ्या आपण त्यांच्याहून वेगळ्या कशा?

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा डबे-वाट्या लुटू नका. तीन प्रश्न छापून वाटा: हा कागद कशाचा? सही केली तर माझं काय जाईल? नंतर मागे घेता येईल का? उत्तरं मिळेपर्यंत पेन उचलायचं नाही. घरचे रागावतील. रागावू देत.