भेटायला नको, कामाला या

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजूर केलेले 2,600 कोटी रुपये, आणि दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की त्याची थरथर टिपण्याचं काम. आपल्याकडे या प्रकल्पाची चर्चा निघाली की गाडी रस्त्यांवर आणि जमिनीच्या भावावर येते. माझ्या डोक्यात मात्र केंब्रिजमधलं एक घर येतं.

ते घर स्टीफन हॉकिंग यांचं. कृष्णविवरं एकत्र आली तरी त्यांच्या क्षितिजाचं एकूण क्षेत्रफळ कमी होत नाही, हे त्यांनी 1971 मध्ये मांडलं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या लायगोने पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या, तेव्हा हॉकिंग यांनी आपले मित्र किप थॉर्न यांना फोन करून विचारलं, यातून माझं म्हणणं तपासता येईल का? 2018 मध्ये ते गेले. तपासणी झाली ती नंतर. 2021 मध्ये एकदा, आणि 14 जानेवारी 2025 च्या लहरींवरून जास्त खात्रीने. दुधाळ्याचं यंत्र सुरू झालं की तेही याच कामाला लागेल.

पण 1971 साली त्या घरात काय चाललं होतं? आठ वर्षांपूर्वी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मोटर न्यूरॉनचा आजार निघालेला. डॉक्टरांनी दोन वर्षं दिलेली. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. हात जातो, पाय जातो, गिळणं आणि बोलणं जातं. डोकं बहुतेकांचं शाबूत राहतं. हे माहीत असून जेन वाइल्ड यांनी 1965 मध्ये त्यांच्याशी लग्न केलं होतं. 1971 मध्ये मोठा रॉबर्ट चार वर्षांचा, ल्यूसी वर्षाची. नवऱ्याला भरवायचं, उचलायचं, अंघोळ घालायची, पोरांकडे बघायचं, आणि मध्ये वेळ उरला तर स्वतःचा मध्ययुगीन स्पॅनिश कवितेवरचा प्रबंध पुढे ढकलायचा, हा जेनचा दिवस. रॉबर्ट थोडा मोठा झाला तसा तोही वडिलांच्या उठबशीला हात लावू लागला. धाकटा टिमथी 1979 चा. त्याने पुढे सांगितलं की त्याच्या पहिल्या काही वर्षांत वडिलांचं बोलणं त्याला कळतच नसे. पुढे वडिलांना बोलणाऱ्या यंत्राचा आवाज आला तेव्हा बाप-लेकाची खरी ओळख झाली. पोरगं इतकं खट्याळ की त्या यंत्रात शिव्या भरून ठेवायचं.

1974 च्या सुमारास त्या घराने एक साधी युक्ती काढली. हॉकिंग यांच्याकडे संशोधन करणारा एक विद्यार्थी घरात राहायला आला. राहणं फुकट, गुरूचा सहवास जवळून, आणि बदल्यात उठवण्या-बसवण्याची मदत. हॉकिंग कुटुंब एक वर्ष कॅलिफोर्नियात होतं तेव्हा बर्नार्ड कार यांनी हे काम केलं, नंतर दुसरे विद्यार्थी आले. 1985 मध्ये जिनिव्हात हॉकिंग यांना न्यूमोनिया झाला. श्वासाचं यंत्र बंद करायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. जेन नाही म्हणाल्या. श्वासनलिकेला छेद दिल्यावर आवाज कायमचा गेला आणि चोवीस तास परिचारिका लागल्या. तो खर्च अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठानाने उचलला. एवढं होऊनही 1990 मध्ये नवरा-बायको वेगळे झाले.

निदानानंतर हॉकिंग पंचावन्न वर्षं जगले, हा अपवाद आहे. या आजाराचे बहुतेक रुग्ण निदानानंतर दोन ते पाच वर्षांत जातात. म्हणून ‘हॉकिंगसारखं होईल’ असा धीर कुणाला देऊ नये. त्या घरातून घेण्यासारखं आहे ते हेच की दोन माणसांच्या संसाराला तिसरा माणूस लागला, आणि तो मुद्दाम, ठरवून आणला गेला.

आपल्याकडे तिसरा माणूस येतो, पण भेटायला. पस्तिशीच्या माणसाच्या हातातून पेला सुटू लागला की आधी ‘वारं गेलं’ म्हणून तेल, चोळणं, देवदेव होतं. मग नांदेड, मग संभाजीनगर, एमआरआय. निदान कळलं की महिनाभर पाहुण्यांची रीघ. बिस्किटांचे पुडे, एक-एक औषधी सांगणारे, आणि ‘पोरांकडं बघून हिंमत धर’ हे वाक्य. सगळ्यांचा चहा करायचा कुणी, तर जिने हिंमत धरायची तिनेच. आजार मात्र वर्षानुवर्षं चालतो आणि रीघ दुसऱ्या महिन्यात आटते. शेतात हळद काढायला आलेली असते, शिजवायची असते, पोराची सहामाही असते. एकेक बैल असलेले दोन शेतकरी पेरणीला सावड करतात. आजारपणाला अशी सावड करायची रीत आपण पाडलीच नाही.

औंढ्यातच घडलेली म्हणून सांगतात ती विसोबा खेचरांची गोष्ट आठवा. पिंडीवर पाय टाकून पडलेले विसोबा नामदेवांना म्हणतात, माझ्यात बळ नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. पुढचा चमत्कार सगळे कीर्तनकार रंगवतात. मला त्याआधीचं जास्त महत्त्वाचं वाटतं: नामदेवांनी वाद घालणं थांबवून खरोखर पाय उचलले.

केरळमध्ये हे काम संघटित झालं आहे. कोझिकोडला 1993 मध्ये डॉक्टरांनी वेदनाशमनाचं केंद्र काढलं, त्यातून पुढे मलप्पुरमच्या बाजूला शेजाऱ्यांचं जाळं विणलं गेलं. आठवड्याला निदान दोन तास देणारे स्वयंसेवक थोडं शिक्षण घेतात आणि घरी जातात. कूस बदलणं, जखम धुणं, पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय. डॉक्टर, नर्स त्यांच्या पाठीशी असतात. 2008 मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केलं. आपल्याकडे पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि घरच्यांना एकत्र बसवतं, पण पुण्याची वारी औंढ्याच्या बाईला कशी जमणार?

मुलांशी खोटं बोलू नये, एवढं मात्र पाहुण्यांनाही पाळता येईल. ‘बाबा बरे होतील’ असं वर्षभर ऐकलेलं आठ वर्षांचं पोर बाबा खालावताना बघतं आणि आपण त्रास दिला म्हणून झालं असं धरून बसतं. आजाराचं नाव सांगावं, तो शिवल्याने लागत नाही हे सांगावं, वर्गशिक्षकांच्या कानावर घालावं. पोराने वडिलांना पाणी द्यावं, चमच्याने भरवावंही. पण रात्रीची पाळी त्याच्यावर टाकू नये.

सरकारी मदत अगदीच नाही असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायूंचा ऱ्हास, दीर्घकालीन मज्जाविकार हे सगळे येतात, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मागता येतं. फारसं कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे राज्याची बालसंगोपन योजना. ती फक्त अनाथांची नाही. आई किंवा वडील दुर्धर आजाराने अंथरुणाला असतील तर अठरा वर्षांखालच्या मुलालाही तिचा लाभ मिळू शकतो, महिन्याला 2,250 रुपये. निर्णय बाल कल्याण समितीचा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आपल्यासाठी हिंगोलीला.

आजाऱ्याला सोडून तिथे खेटे घालणं त्या घरातल्या बाईला जमत नाही. तेव्हा तुमच्या गल्लीत असं घर असेल तर पुडा घेऊन जाऊ नका. कागद गोळा करून हिंगोलीला तुम्ही जा, नाहीतर ती जाऊन येईपर्यंत तिच्या माणसाजवळ बसा. आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या वारी येणार, ते निघतानाच सांगून या.