गौरवापलीकडचा महाडचा धडा

कोकणात भातकापणीच्या दिवसांत लाल विंचवाचा दंश ही नवलाची गोष्ट नाही. पेंढा उचलताना शेतकऱ्याला, अंधारात पाय टाकताना लहान मुलाला विंचू चावतो. प्रथम उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय. पुढे काही तासांतच फुफ्फुसांत पाणी साठून तोंडाला फेस, असा त्याचा क्रम. प्रभावी उपाय हाती येण्यापूर्वी रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. आज हे प्रमाण अगदी थोडे उरले आहे आणि त्याचे मोठे श्रेय महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे जाते.

जालना जिल्ह्यातील एका खेड्यात गरिबीत वाढलेला हा तरुण नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. विंचूदंशाने माणसे डोळ्यांदेखत मरत होती आणि पाठ्यपुस्तकांत समाधानकारक उत्तर नव्हते. तेव्हा रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची तासातासाने नोंद करण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. या निरीक्षणांवरील लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतरही ते शहरात न राहता पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात परतले.

दंशाने शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावर असह्य भार पडतो, हे त्या नोंदींतून उलगडत गेले. मग या आकुंचनावरच घाव घालणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरून पाहिले. त्याचे निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आले. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडला ७० रुग्णांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतात, असे दिसून आले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील एक बाब विशेष बोलकी आहे. प्राझोसिन हे आधीपासून बाजारात असलेले स्वस्त औषध. त्याचा नवा उपयोग शोधण्यात कोणत्या कंपनीला नफा होता? ज्यांना तो शोध हवा होता, त्यांच्या खिशात पैसा नव्हता. येथे बाजारपेठ मुकीच राहणार होती. शासनाने तरी काय केले? वैद्यकीय अधिकाऱ्याचा पगार दिला, इतकेच. संशोधनासाठी लागलेला वेळ त्या अधिकाऱ्याने आपल्या झोपेतून काढला.

२०२२ साली डॉ. बावस्करांना 'पद्मश्री' जाहीर झाली, हे उचितच झाले. परंतु अशा गौरवातून एक सोयीस्कर समजूत बळावते. साधनांवाचूनही एक मनुष्य एवढे करू शकतो, तर साधनांची तक्रार कशाला, असा तो युक्तिवाद असतो. तो मुळातच चुकीचा आहे. असामान्य माणसाच्या त्यागावर उभी असलेली व्यवस्था त्या माणसाबरोबरच निवृत्त होते.

मैदानी प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून देशात २००९ साली मान्य झाली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. या जमेच्या बाजू नाकारण्याचे कारण नाही. मात्र रुग्णवाहिकेने रुग्णाला जेथे नेऊन पोचवायचे, तेथे रात्री दोन वाजता जाणता डॉक्टर जागा आहे काय, हा खरा प्रश्न आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते वर्ष सरले. उद्दिष्ट दूरच राहिले.

इमारती मोजणे सोपे असते. डॉक्टर हजर असलेले तास मोजणे कठीण. लहान गावातील डॉक्टरला राहण्याजोगे घर, पाळी वाटून घेणारा सहकारी आणि नोंदी ठेवण्यापुरती उसंत देणे, ही चैन नव्हे. वाडीवरच्या मुलाचे मरण टळते ते या तीन गोष्टींमुळे. शासनाला डॉ. बावस्करांचा खरा सन्मान करावयाचा असेल, तर पुढच्या डॉक्टरला त्यांच्याइतके असामान्य व्हावे लागू नये, अशी तजवीज करावी लागेल.