नुसते किलोमीटर सांगू नका



माझे मत असे आहे की कुठलेही अंतर सांगताना नुसते किलोमीटर सांगू नयेत. वेळ पण सांगावा.

आमच्या वर्गात भारताचा मोठा नकाशा आहे. डावीकडे अरबी समुद्रात लक्षद्वीप, उजवीकडे बंगालच्या उपसागरात अंदमान. लक्षद्वीपचा विमानतळ अगत्ती बेटावर आहे. अंदमानचा श्री विजयपुरमला आहे. त्या गावाला २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणायचे. तिथल्या विमानतळाला वीर सावरकरांचे नाव आहे, कारण ते तिथल्या सेल्युलर जेलमध्ये कैदी होते.

मी दोन्ही टिंबांवर दोरा ताणून धरला. ५६ सेंटिमीटर भरला. नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे ४० किलोमीटर. म्हणून अंतर सुमारे २२४० किलोमीटर. मोठे विमान तासाला ८०० किलोमीटर जाते. मी लगेच उत्तर सांगितले, तीन तास पण नाही लागणार!

गुरुजी हसले. म्हणाले, "विमान तुझ्या दोऱ्यावरून जात नाही रे." थेट विमान नाहीच. अगत्तीहून कोची, सुमारे ४६५ किलोमीटर, दीड तास. कोचीहून चेन्नई ५२०, सव्वा तास. चेन्नईहून अंदमान १३७०, सव्वादोन तास. मी बेरीज केली. किलोमीटर फक्त ११५ वाढले, पण हवेतच पाच तास झाले. वर दोनदा उतरायचे, सामान घ्यायचे, पुढच्या विमानाची वाट बघायची. पुढचे विमान निघून गेलेले असले तर मुक्कामच.

अगत्तीची धावपट्टी सुमारे १२०० मीटरच आहे. तिथे पंख्याची लहान विमाने उतरतात. माझा मित्र म्हणतो, धावपट्टी लांब करा की! पण बेटच चिंचोळे आहे आणि भोवती प्रवाळ आहे. त्यावर भर टाकली तर ते मरेल. मला ते पटत नाही.

कोचीहून लक्षद्वीपला बोट पण जाते. तिला बेटाप्रमाणे १४ ते १८ तास लागतात. म्हणजे समुद्र तेवढाच, पण विमानाला दीड तास. मग आजारी माणसाला नुसते किलोमीटर सांगून काय उपयोग?

आमच्या फाट्यावरच्या दगडावर तालुका ९ किलोमीटर लिहिलंय. गेल्या श्रावणात ओढ्याला पूर आला आणि आजीला दम लागला. काका म्हणत होते, नऊच किलोमीटर तर आहे. डोंगराकडून वळसा घालून दवाखान्यात पोचायला आम्हाला पाच तास लागले. अगत्तीहून अंदमानला हवेत लागतात तेवढेच! आजी आता बरी आहे. पण मला त्या दगडाचा अजून राग येतो.

नकाशावर दोन्ही बेटांच्या मधे मी चिठ्ठी डकवली आहे. तीत किलोमीटर आणि तास दोन्ही लिहिले आहेत. पालकांनी जरूर बघावी. फक्त टोक उचलू नका, खळ ओली आहे.

– इयत्ता ४ थी